लक्षात न राहिलेल्या खवलेताई

बसलात का सगळे, मुलांनो? ते मोबाइल खाली ठेवा आधी. तुमची चाळिशी उलटली असली तरी मी तुम्हाला मुलांनोच म्हणणार. गोष्टीतलं जनावर बोलायला लागलं की तुम्ही कान टवकारता आणि शेजारचा माणूस बोलायला लागला की कानात बोळे घालता. अशांना दुसरं काय म्हणायचं?

तर एका जंगलात, म्हणजे जिथे झाडांपेक्षा पाट्या जास्त झाल्या होत्या अशा एका जंगलात, वाघोबा महाराजांचं राज्य होतं. महाराज आता थकले होते. पूर्वी ते हरणामागे धावायचे. आता धाववत नव्हतं. तेव्हा हरणांनीच आपल्याकडे यावं, असं त्यांनी धोरण ठरवलं.

धोरण ठरलं की खातं निघतं. या खात्याचं नाव मार्केटिंग.

काम अगदी सरळ होतं. शेजारपाजारच्या जंगलांतल्या प्राण्यांना आपल्या पाणवठ्यावर बोलवायचं. पाणी गोड आहे, सावली गार आहे, गवत कोवळं आहे. यातलं काही म्हणजे काही खोटं नव्हतं. फक्त पाणवठ्यामागच्या जाळीत महाराज बसलेले असायचे, तेवढं सांगायचं राहून जायचं. खात्यातले लोक म्हणायचे, सगळंच सांगितलं तर त्याला जाहिरात कोण म्हणेल?

खात्याचं ऑफिस एका बोडक्या टेकडीवर होतं. माथ्यावर मोठा सपाट खडक, कडेला एक जुनं उंबराचं झाड. रोज सूर्य उगवला की सगळ्यांनी खडकाभोवती जमायचं. मग एकेकाने वर चढायचं आणि घसा फाटेपर्यंत ओरडायचं, "मी आज उत्साही आहे!" याला हाकारा म्हणत. ज्याचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येई, त्याच्या पाठीवर कोल्हेसाहेब थाप मारत. कोल्हेसाहेब म्हणजे खात्याचे प्रमुख. नाव कोल्हे आणि प्राणीही तोच. त्या बाबतीत तरी त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं.

याच खात्यात खवलेताई होत्या.

खवलेताई म्हणजे खवल्या मांजर. तुम्ही पाहिलेलं नसणार. आपण कुणाला दिसावं अशी या प्राण्याची इच्छाच नसते. अंगभर खवले, लांबट नाक, मुंग्या-वाळव्यांवर गुजराण. आणि कुणी प्रेमाने जरी म्हटलं, "अहो, काहीतरी बोला ना," तरी अंग आकसून त्याचा गोल चेंडू होतो.

हाकाऱ्याला खवलेताईंची पाळी आली की हेच व्हायचं. त्या खडकावर चढायच्या, सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळलेले बघायच्या आणि चेंडू व्हायच्या. खडक थोडा उतरता होता. त्यामुळे बऱ्याचदा हा चेंडू गडगडत टेकडीच्या पायथ्याशी जायचा. मग दोघं-तिघं खिदळत खाली जायचे आणि चेंडू ढकलत वर आणायचे.

"मोकळ्या व्हा, खवलेताई, मोकळ्या व्हा!" खात्यातले मोरेसर, म्हणजे मोर, ओरडायचे. "जगाला सामोऱ्या जा!"

खवलेताई त्या वेळी स्वतःच्या शेपटीला सामोऱ्या गेलेल्या असायच्या.

मग अशा बाईंनी मार्केटिंगमध्ये जावंच कशाला, असं तुम्ही विचाराल. तुम्ही तुमच्या नोकरीत का गेलात ते आधी सांगा. खवलेताईंच्या आईने सांगितलं होतं, दरबारची नोकरी आहे, मुंग्यांचा वाटा वेळच्या वेळी मिळतो, नाही म्हणू नकोस. त्यांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्यासाठी बोलावं लागतं.

आणि खरं सांगायचं तर त्या कामात वाईट नव्हत्या. बाकीचे दिवसभर एकमेकांवर ओरडून घोषणा बनवायचे. 'थेंबाथेंबात थरार!' ही मोरेसरांची. तिचा अर्थ मोरेसरांनाही ठाऊक नव्हता. खवलेताई मात्र सरहद्दीच्या वाटेवर पाचोळ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ऐकायच्या. पलीकडच्या जंगलात रानकुत्र्यांनी उच्छाद मांडला होता. चितळांना धड घोटभर पाणी पिऊ देत नव्हते. ते ऐकून खवलेताईंनी एक साधं वाक्य सुचवलं.

'या. इथे कुणी हाकलत नाही.'

कोल्हेसाहेबांनी ते वाक्य स्वतःच्या नावावर दरबारात सांगितलं आणि झाडाझाडावर पाटी लागली. चितळांची रीघ लागली. महाराजांच्या अंगावर पुन्हा तुकतुकी आली.

एके दिवशी त्या वाटेवर एक हरणी आली. एका पायाने लंगडत होती. पाटीखाली थांबली आणि पाचोळ्यातल्या खवलेताईंना तिने विचारलं, "बाई, खरंच का हो कुणी हाकलत नाही?"

खवलेताईंनी मान डोलावली. वाक्य खरंच होतं ना. त्यापुढे काही सांगायचं तर बोलावं लागलं असतं, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत हरणी पुढे गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्याच्या काठावर माश्या घोंघावत होत्या. हरणी कुठे दिसली नाही.

खवलेताई तशाच कोल्हेसाहेबांकडे गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन गेल्या. "साहेब, ती हरणी," एवढंच त्यांना म्हणता आलं.

"तिला कुणी हाकललं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग जाहिरात खरी ठरली की हो! अभिनंदन, खवलेताई. हे तुम्ही उद्या हाकाऱ्याला सगळ्यांसमोर सांगा बघू."

खवलेताईंना शरम वाटली. त्या घरी आल्या, बिळात शिरल्या आणि कुणी न सांगता चेंडू झाल्या. पण चेंडूच्या आत फार अंधार असतो. तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही, आपलंच वाक्य तेवढं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. त्यांनी ठरवलं, ही नोकरी सोडायची. आता दुसरं काहीतरी करायचं.

काय करायचं हेही त्यांना ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

जंगलाच्या उत्तरेला एक देवराई होती. जुनी, गर्द. ऐन, हिरडा, बेहडा, आणि अजगरासारख्या जाड गारंबीच्या वेली. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी बाहेर न्यायची नाही आणि तिथे कुणी चढ्या आवाजात बोलायचं नाही, असा पूर्वापार दंडक होता. आतल्या एका उंच झाडाच्या ढोलीत धनेशांचं घर होतं. धनेशीण अंडी घालायची वेळ आली की ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. म्हणून तिथे शांतता लागायची.

या राईला एक राखणदार असायचा. त्याचं काम एकच, काही होऊ न देणं. सध्या ते काम घोरपडे आजोबा करत होते. हे आजोबा म्हणजे घोरपड, आणि इतके म्हातारे की त्यांच्या पाठीवर शेवाळ धरलं होतं. आता त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. त्यांच्या जागी नवीन राखणदार नेमायचा होता.

राखणदार निवडायची रीत जुनी होती. उमेदवाराने सकाळी येऊन राखणदाराच्या शेजारी बसायचं. ऊन डोक्यावर आलं की पंचांनी राखणदाराला विचारायचं, "शेजारी अमुक तमुक बसला होता, तो कसा वाटला?" यावर राखणदार "कोण?" म्हणाला की निवड पक्की. इतका वेळ शेजारी बसूनही ज्याची चाहूल लागली नाही, तोच राईच्या कामाचा. घोरपडे आजोबांची निवड अशीच झाली होती. त्यांच्या आधीचं म्हातारं कासव तर उठताना त्यांच्या शेपटीवर पाय देऊन गेलं होतं.

खवलेताईंना वाटलं, हे काम आपल्यासाठीच देवाने घडवलं आहे. आणि त्यांचं चुकलं नव्हतं. फक्त देवराईचा कारभार आता देवाकडे राहिला नव्हता, एवढंच.

इथे गोष्टीत मोरेसर पुन्हा येतात. येणारच. असे लोक प्रत्येक गोष्टीत येतात, आणि न बोलावता येतात.

मोरेसरांच्या लक्षात आलं होतं की आजकाल जंगलात अबोल प्राण्यांना बरे दिवस आले आहेत. लगेच त्यांनी 'अबोलांसाठी कार्यशाळा' काढली. खात्यातल्या सगळ्यांना हजेरी सक्तीची. मोरेसरांनी पिसारा फुलवला आणि सगळ्यांना गोल उभं केलं. मग म्हणाले, "आता माझ्या मागून जोरात म्हणा, मी शांत आहे!"

"मी शांत आहे!" सगळे ओरडले.

"ऐकू आलं नाही!"

"मी शांत आहे!" समोरचा डोंगर हादरला. उंबरावरची वटवाघळं उडून गेली.

कार्यशाळा संपल्यावर मोरेसर खवलेताईंजवळ येऊन बसले. पिसारा मिटलेला, आवाज एकदम मऊ. "ताई, मी तुम्हाला रोज बघतो हो. तुमचा जीव इथे रमत नाही. मला मोठा भाऊ समजा. काय करावंसं वाटतं तुम्हाला?"

मुलांनो, ज्याला कुणी कधी काही विचारत नाही, त्याला एखाद्याने खरोखर विचारलं तर तो सगळं सांगून मोकळा होतो. खवलेताईंचंही तेच झालं. त्यांनी देवराईबद्दल सांगितलं. आजोबांची जागा रिकामी होणार आहे, तिथे बसायचं असतं, बोलायचं नसतं, निवडीची रीत अशी अशी आहे. आयुष्यात त्या एका दमात इतकं कधी बोलल्या नव्हत्या.

"वा!" मोरेसर म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. पाणावलेले डोळे त्यांना केव्हाही जमायचे. "जरूर जा, ताई. माझा आशीर्वाद आहे तुम्हाला."

आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःचं नाव उमेदवार म्हणून दिलं.

आता राखणदार निवडायला पंच राहिले नव्हते. समिती होती. अध्यक्ष एक रानगवा. अंगाने एवढा मोठा की त्याला कुणी कधी प्रश्न विचारत नसे, म्हणून तो विद्वान ठरला होता. तो म्हणाला, "जुन्या रीतीचा आम्हाला आदर आहे. रीत तशीच ठेवू. फक्त तिला थोडी आधुनिक करू." म्हणजे नक्की काय, ते कुणी विचारलं नाही. तो रानगवा होता ना.

पहिली पाळी खवलेताईंची होती.

त्या दिवशी त्या उजाडताच राईत गेल्या. घोरपडे आजोबा झऱ्याकाठच्या एका धोंड्यावर पसरले होते. खवलेताई जवळच्या मुळांमध्ये जाऊन बसल्या. पान हललं नाही. वर धनेश ढोलीकडे येत होता, फळ देत होता, जात होता. झऱ्याचं पाणी दगडावरून सरकत होतं. खवलेताईंच्या खवल्यांवर एक सुरवंट चढला, पाठीवरून चालत गेला आणि शेपटीवरून उतरून गेला. त्याला आपण कुणावरून चाललोय ते कळलं नाही.

खवलेताई चेंडू झाल्या नाहीत. कशाला होतील? त्यांच्याकडे कुणी बघतच नव्हतं. त्या पाय पसरून, नाक उघडं टाकून बसल्या होत्या. आपण इतकी वर्षं कुठे होतो, असं त्यांना वाटत होतं. त्यांना रडू आलं, पण तेही आवाज न करता.

ऊन डोक्यावर आलं. आजोबा हळूहळू उठले, खवलेताईंच्या पुढच्या पायावर पाय ठेवून पलीकडे गेले आणि पाण्यात उतरले. खवलेताईंचा पाय ठणकत होता. पण इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोरेसर आले. येताना स्वतःचा परिचय करून द्यायला दोन साळुंक्या घेऊन आले. आजोबांच्या समोर बसले आणि म्हणाले, "आजोबा, मला शांततेची किती ओढ आहे, हे तुम्हाला शब्दांत सांगता येणार नाही." मग त्यांनी ते शब्दांत सांगितलं. उन्हं कलेपर्यंत सांगितलं. मधूनमधून उभं राहून नाचूनही दाखवलं. आजोबांनी डोळे मिटले तेव्हा मोरेसर साळुंक्यांना म्हणाले, "बघा, तल्लीन झाले!"

मग समिती बसली. आजोबांना मानाने बोलावलं. दोन्ही उमेदवारांनाही एका बाजूला उभं केलं.

रानगव्याने घसा खाकरला. "आजोबा, श्री. मोरे तुमच्या शेजारी बसले होते. कसे वाटले?"

"त्याला कसा विसरेन?" आजोबा म्हणाले. "अजून कान वाजताहेत."

"छाप पडली तर!" रानगव्याने समितीकडे बघून मान हलवली. "आणि श्रीमती खवले तुमच्या शेजारी बसल्या होत्या. त्या कशा वाटल्या?"

आजोबांनी मान वर केली. त्यांचा सुरकुतलेला चेहरा उजळला. "कोण?" ते म्हणाले.

म्हणाले आणि समाधानाने हसले. त्यांच्या मते निवड झाली होती. कितीतरी वर्षांनी हा शब्द उच्चारायची वेळ आली होती. आता कुणी टाळ्या वाजवेल, कुणी झऱ्याचं पाणी नव्या राखणदाराच्या डोक्याला लावेल, म्हणून ते वाट बघू लागले.

"म्हणजे आल्याच नाहीत," रानगवा म्हणाला. "उमेदवार गैरहजर."

खवलेताईंच्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. आता बोलायला हवं होतं. 'अहो, तो शब्दच तर निवडीचा आहे,' एवढं एक वाक्य. त्यांनी पाऊल पुढे टाकलं. तोंड उघडलं. समितीचे सगळे डोळे त्यांच्याकडे वळले.

आणि त्या चेंडू झाल्या.

"या तर बघा," रानगवा हळहळला. "शांततेसाठी जी तळमळ लागते, जो आवेश लागतो, तो यांच्यात अजिबात नाही. श्री. मोरे, अभिनंदन!"

मोरेसरांनी पिसारा फुलवला. साळुंक्यांनी कल्ला केला. आजोबा बिचारे इकडेतिकडे बघत राहिले. ते काही म्हणाले असतीलही, पण त्या गोंगाटात ते कुणाला ऐकू जाणार? नंतर ते समितीकडे गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की रीत पाळली गेली आहे आणि त्यांच्या मताचा पूर्ण आदर झाला आहे. आदर झाला की मुलांनो, समजून जावं, काम झालेलं नाही.

चेंडू गडगडत गडगडत टेकडीकडे परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी खवलेताई पुन्हा हाकाऱ्याला उभ्या होत्या.

पुढे देवराईत काय झालं ते सांगतो. तुम्हाला ते आवडेल. तुमच्यातले बरेचसे तिथे जाऊनही आले असतील.

नव्या राखणदारांनी 'मौन महोत्सव' सुरू केला. राईतल्याच फांद्या तोडून मंच बांधला. ढोल आले, ताशे आले. प्रवेशद्वारावर शुद्ध शांतता पानाच्या द्रोणात भरून मिळू लागली. द्रोण रिकामाच असायचा, पण लोक तो कानाला लावून "अहाहा" करायचे. सगळ्यात जुन्या हिरड्याखाली एक ओटा केला. प्रत्येकाने त्यावर चढून, आपल्याला आत किती शांत वाटलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. रांग पार राईबाहेर जायची. रांगेत भांडणं व्हायची. मग दोघंही ओट्यावर चढून आपल्याला किती शांत वाटलं ते सांगायचे.

उद्घाटनाला वाघोबा महाराज प्रमुख पाहुणे होते. ते दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. नुसते गर्दीवरून संथपणे नजर फिरवत होते. "काय ही साधना!" सगळे म्हणाले. महाराज जेवण निवडत होते. संध्याकाळी गर्दी जरा विरळ वाटली तेव्हा मोरेसर मंचावरून म्हणाले, "आपले काही बांधव शांततेत विलीन झाले आहेत." टाळ्या पडल्या.

महाराजांना हा प्रकार फार सोयीचा वाटला. पाणवठ्यावर दोन-चार यायचे. इथे आपण होऊन शेकडो येत होते. त्यांनी कोल्हेसाहेबांना विचारलं, "मग तुमचं खातं टेकडीवर काय करतंय?"

कोल्हेसाहेबांनी त्याच दिवशी गाशा गुंडाळला. सगळ्यांना खडकाभोवती जमवलं आणि म्हणाले, "आजपासून आपलं ऑफिस देवराईत! उत्साह आहे का?"

"आहे!" सगळे ओरडले, आणि ढोलांच्या दिशेने पळत सुटले.

खवलेताई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्या उंबराच्या मुळाशी बसल्या होत्या, तिथेच बसून राहिल्या. आपण इथेच राहणार, हे सांगायला कोल्हेसाहेबांकडे जावं का, असा त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग लक्षात आलं, की आपल्या नसण्याची दखल कुणी घेतलेलीच नाही. अशी दखल कधीच घेतली जाणार नव्हती. आणि मुंग्यांचा वाटा टेकडीवर पोचवणाऱ्या कावळ्यालाही कुणी काही कळवलं नव्हतं. तो रोज येऊन वाटा ठेवून जात होता.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि खडकावर कुणी ओरडलं नाही. सूर्य तसाच वर आला. त्याला कुणाच्या उत्साहाची गरज नव्हती असं दिसलं.

खवलेताईंनी एकच काम चालू ठेवलं. त्या सरहद्दीच्या वाटेवर पाचोळ्यात जाऊन बसायच्या. एकदा एक चितळ आलं. कुणी वळून बघावं असं देखणं ते नव्हतं. त्यानेही खवलेताईंकडे धड न बघताच विचारलं, "इथलं पाणी कसंय?"

त्यांना लंगडणारी हरणी आठवली. त्यांनी नखं जमिनीत रोवून धरली आणि चेंडू होण्याआधी बोलून टाकलं. "पाणी गोड आहे. मागच्या जाळीत वाघ बसायचा. हल्ली तो देवराईत बसतो. तिकडे ढोल वाजत असतील तर जाऊ नका."

चितळाने कान टवकारले. "बरं झालं सांगितलंत," म्हणालं आणि पाणी पिऊन आल्या वाटेने निघून गेलं.

त्या खात्याने केलेली ही पहिली पुरी जाहिरात. तिची नोंद कुठे झाली नाही. पण त्या दिवशी बिळात गेल्यावर खवलेताईंना स्वतःचं जुनं वाक्य ऐकू आलं नाही.

काही दिवसांनी टेकडीवरच्या उंबरावर पंखांचा मोठा आवाज झाला. देवराईतला तो धनेश आणि त्याची धनेशीण. ढोल-ताशांनी तिथली ढोली नकोशी झाली असणार. दोघांनी झाडाला एक चक्कर मारली, खोडातली पोकळी आतून बाहेरून तपासली आणि राहायचं ठरवलं. राईतली फळं खाऊन ते इथे यायचे आणि त्यांच्या बिया खडकाच्या भेगांत पडायच्या. जिथे मोरेसर उभं राहून थरार थरार ओरडायचे, तिथे बेहड्याचं कोवळं रोप उगवलं.

आणि मग एका सकाळी घोरपडे आजोबा आले.

राईत त्यांना जागा उरली नव्हती. त्यांच्या धोंड्यावर द्रोणांचं दुकान लागलं होतं. कुठेतरी आवाज नाही, एवढ्या एका खुणेवर ते सरपटत सरपटत इथवर पोचले होते. खडकाशी आले, उन्हात अंग पसरलं आणि त्यांनी एक मोठा निःश्वास सोडला. खवलेताई त्यांच्या अगदी शेजारी, उंबराच्या मुळांत बसल्या होत्या. आजोबा यायच्या आधीपासून.

धनेश आला, फळ देऊन गेला. वारा आला, रोपाची पानं हलवून गेला. ऊन चढलं. कुणी काही बोललं नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आजोबा आपल्याशीच म्हणाले, "बरं झालं बाबा. इथे कुणीच नाही."

"मी आहे, आजोबा," खवलेताई म्हणाल्या.

आजोबा दचकले. त्यांनी अधू डोळे किलकिले करून आवाजाच्या दिशेने पाहिलं. मान पुढे काढली, हुंगलं, आणि तरीही काही उमगेना तेव्हा म्हणाले,

"कोण?"

खवलेताई हसल्या. त्यांनी उठून बाजूच्या डबक्यातलं ओंजळभर पाणी घेतलं आणि स्वतःच स्वतःच्या डोक्याला लावलं. नेमणूक झाली होती.

कागदोपत्री त्या अजून मार्केटिंगमध्येच आहेत.

तात्पर्य: अबोल माणसाने नोकरी बदलण्याच्या भानगडीत पडू नये. मार्केटिंगमध्ये आहे तिथेच गप्प बसून राहावं. एक ना एक दिवस सगळे बोलघेवडे शांततेचं महत्त्व पटवून द्यायला दुसरीकडे निघून जातात आणि ऑफिस आपसूक देवराई होतं. ही टेकडी कुठे आहे ते मात्र मी सांगणार नाही. तुमच्यातल्या दोघांनी आत्ताच मोबाइल उचललेला मला दिसतोय.